पुढे गेला, म्हणून हरला : ड्रॅग रेसिंग आणि टीव्हीचा डोळा

शर्यतीचा निकाल कळायला डोळे पुरेसे असतात, अशी आपली समजूत असते. जो आधी पोचला, तो जिंकला. अमेरिकेतील ‘ड्रॅग रेसिंग’ या मोटारींच्या शर्यतीत मात्र हौशी चालकांच्या बाबतीत ही समजूत अनेकदा फसते. या खेळातले व्यावसायिक टीव्हीच्या पडद्यावर आले आणि हौशी बहुतांशी पडद्याबाहेर राहिले, त्याचे एक मोठे कारण या फसगतीत आहे.

खेळाचा सांगाडा अगदी साधा आहे. दोन गाड्या, सरळ धावपट्टी आणि पाव मैल, म्हणजे १,३२० फूट अंतर. वळण नाही, दुसरी फेरी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या गाड्यांची इंजिने घरीच सुधारून रस्त्यांवर शर्यती लावत. १९५० मध्ये सांता अ‍ॅना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर या शर्यती रीतसर होऊ लागल्या. १९५१ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, ही संस्था स्थापन केली. रस्त्यावरची जीवघेणी चढाओढ नियमांच्या चौकटीत आणावी, हा तिचा हेतू. त्या काळी व्यावसायिक आणि हौशी असा भेद जवळजवळ नव्हताच. आठवडाभर नोकरी करायची आणि रविवारी गाडी पळवायची, असेच बहुतेकांचे चालले होते.

आज एनएचआरएच्या राष्ट्रीय स्पर्धेत दोन्ही प्रकारचे चालक एकाच धावपट्टीवर उतरतात, पण त्यांचे खेळ वेगळे आहेत. व्यावसायिक गटात दोघांना एकाच क्षणी हिरवा दिवा मिळतो आणि आधी पोचेल तो जिंकतो. त्यातला सर्वांत वेगवान वर्ग ‘टॉप फ्युएल’. त्याच्या इंधनात सुमारे नव्वद टक्के नायट्रोमिथेन असते आणि इंजिनाची ताकद दहा हजार अश्वशक्तीच्या पुढे जाते. एका शर्यतीला चार सेकंदही लागत नाहीत. २००८ मध्ये स्कॉट कॅलिटा या चालकाचा अपघाती मृत्यू झाल्यावर टॉप फ्युएल आणि ‘फनी कार’ या दोन वर्गांचे अंतर १,००० फुटांवर आणण्यात आले.

हौशी चालकांत सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे ‘ब्रॅकेट रेसिंग’. कोणाकडे जुनी कौटुंबिक मोटार असते, कोणाकडे खास बांधलेली गाडी. या दोघांना समान पातळीवर आणायचे कसे? त्यासाठी प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत अंतर कापेल, हे आधीच जाहीर करायचे. तो आकडा गाडीच्या काचेवर लिहिलेला असतो. संथ गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. आता अट अशी, की जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर अंतर कापले तर तुम्ही बाद. दोघांनीही ही चूक केली, तर ज्याची चूक लहान तो जिंकतो.

एक हिशेब मांडून पाहू. पहिल्या गाडीने १२.०० सेकंद जाहीर केले, दुसरीने ९.५०. म्हणून दुसरीला हिरवा दिवा अडीच सेकंद उशिरा मिळणार. पहिलीचा चालक दिवा लागल्यावर ०.०५ सेकंदाने निघाला आणि त्याने १२.०३ सेकंदांत अंतर कापले. दुसरीचा चालक ०.०४ सेकंदाने निघाला आणि ९.४८ सेकंदांत पोचला. पहिल्या दिव्यापासून मोजले तर पहिली गाडी १२.०८ सेकंदांनी पोचली आणि दुसरी १२.०२ सेकंदांनी. म्हणजे दुसरी काही फूट पुढे होती. पण तिने स्वतःच्या आकड्यापेक्षा दोन शतांश सेकंद कमी घेतले, म्हणून ती हरली. प्रेक्षकाला दिसले ते एवढेच, की मागून आलेल्या गाडीने पुढच्या गाडीला गाठले, मागे टाकले आणि विजयाचा दिवा मात्र शेजारच्या पट्टीत लागला.

मुरलेला चालक म्हणूनच शेवटच्या काही फुटांत प्रतिस्पर्ध्याकडे पाहत वेग कमी करतो, कधी चक्क ब्रेक लावतो. आपण पुढे आहोत पण फार पुढे नाही, एवढेच त्याला साधायचे असते. हे कसब विलक्षण आहे, पण कॅमेऱ्यात ते बिचकल्यासारखे दिसते. क्रिकेटमध्ये पायचीत दिल्यावर ते का दिले, हे सावकाश दाखवता येते. इथे ते समजावून होईपर्यंत पुढची जोडी धावून गेलेली असते.

पण टीव्हीने केवळ वेगाला पसंती दिली असे म्हणणे अपुरे ठरेल. टॉप फ्युएलच्या बाद फेरीत १६ गाड्या उतरल्या तर एकूण शर्यती होतात १५. प्रत्येकीला चार सेकंद धरले, तरी सगळा खेळ एका मिनिटात आटोपतो. तासा-दोन तासांचा कार्यक्रम त्यावर उभा राहत नाही. उरलेला वेळ भरतात ती माणसे. दोन फेऱ्यांच्या मधे इंजिन खोलून पुन्हा जोडणारे मेकॅनिक, विजयानंतरची मुलाखत, जुनी वैरे. त्यासाठी तेच चेहरे स्पर्धेमागून स्पर्धा दिसावे लागतात. सोळा चेहरे प्रेक्षकाच्या ओळखीचे होऊ शकतात. दर ठिकाणी बदलणारे शेकडो हौशी चालक कसे होणार?

चेहरा आणि पैसा यांची गाठ इथेच पडते. डॉन प्रुधोम आणि टॉम मॅकइवेन हे ‘स्नेक’ आणि ‘मंगूस’, म्हणजे साप आणि मुंगूस, या टोपणनावांनी धावत. १९७० मध्ये मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने ‘हॉट व्हील्स’साठी त्यांना पैसे दिले आणि ही जोडी घराघरांतल्या मुलांच्या हाती गेली. १९७१ च्या प्रारंभी अमेरिकेत टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. तंबाखू कंपन्यांना दुसरी वाट हवी होती, आणि गाडीच्या अंगावरचे वा धावपट्टीच्या भिंतीवरचे नाव प्रक्षेपणात आपोआप दिसतच होते. १९७५ पासून २००१ पर्यंत एनएचआरएच्या मुख्य मालिकेला ‘विन्स्टन’ सिगारेटचे नाव होते. ज्याचा चेहरा पडद्यावर, त्याच्या गाडीवर पुरस्कर्ता. पुरस्कर्ता असेल तर महागडे इंजिन, आणि इंजिन असेल तरच पडदा. हौशी माणूस या चक्राबाहेर राहिला.

तो पैशांबाहेर राहिला असे मात्र नाही. ब्रॅकेट रेसिंगमध्ये १९९६ पासून ‘मिलियन डॉलर रेस’ भरते. तिचे प्रवेशशुल्कच हजारो डॉलरांत असते आणि बक्षिसाची रक्कम त्याच शुल्कातून उभी राहते. म्हणजे ज्याला आपण हौशी म्हणतो, तो एका रात्रीत मोठी रक्कम जिंकू शकतो आणि तरी अमेरिकेतल्या सामान्य प्रेक्षकाला त्याचे नावही माहीत नसते. ‘व्यावसायिक’ या शब्दाचा अर्थ कमाईपेक्षा दृश्यतेकडे किती झुकला आहे, हे यावरून कळते.

हौशी चालक टीव्हीवर आले, पण वेगळ्या वाटेने. २००५ मध्ये ‘स्पीड’ वाहिनीवर ‘पिंक्स’ सुरू झाला. हरणाऱ्याने आपल्या गाडीची मालकीच जिंकणाऱ्याला द्यायची. इथेही कमी ताकदीच्या गाडीला सुरुवातीला सवलत मिळे, पण ती घड्याळ ठरवत नसे. ती चालक समोरासमोर घासाघीस करून ठरवत, आणि ती घासाघीसच कार्यक्रमाचा प्राण होती. २०१३ मध्ये डिस्कव्हरी वाहिनीवर ओक्लाहोमा सिटीतील चालकांचा ‘स्ट्रीट आउटलॉज’ आला. त्यात सेकंदांचा हिशेब जवळजवळ नाहीसाच झाला. राहिली ती रात्र, रस्ता आणि ईर्षा. ज्या रस्त्यावरून शर्यत उचलण्यासाठी एनएचआरए जन्मली, तोच रस्ता करमणूक म्हणून दिवाणखान्यात परतला. त्यातले चालक प्रसिद्ध झाले, आणि प्रसिद्ध झाल्यावर त्यांना हौशी म्हणणे कठीण झाले.

ब्रॅकेट रेसिंग करणाऱ्यांना आता इंटरनेटचा आधार आहे. लहान धावपट्ट्यांवरूनही दिवसभराचे थेट प्रक्षेपण होते. कॅमेरा बहुधा एका जागी असतो, समालोचन घरगुती असते. पण पडद्याच्या कोपऱ्यात जाहीर वेळ, निघायला लागलेला वेळ आणि कापलेला वेळ यांचे आकडे येतात. पाहणारे बहुतेक स्वतः चालक, त्यांचे नातलग वा मित्र असतात. ब्रेकचा लाल दिवा लुकलुकला की त्यांना नेमके काय घडले ते कळते, कारण त्यांनी आधी काचेवरचा आकडा वाचलेला असतो.