दुसरं इंजेक्शन कशासाठी?

आयव्हीएफ सुरू झालं की पोटावर रोज एक इंजेक्शन, आणि पाच-सहा दिवसांनी त्यात दुसऱ्याची भर. पहिलं स्त्रीबीजं वाढवण्यासाठी, हे बहुतेकींना ठाऊक असतं. दुसऱ्याबद्दल विचारलं तर 'बीजं लवकर फुटू नयेत म्हणून' एवढंच उत्तर मिळतं. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. ज्या बाईच्या अंगात हे सगळं घडतं, तिला त्यामागचं कारणही कळायला हवं.

एरवी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून, पाळीनंतरच्या दिवसांत साधारण तास-दीड तासाने, जीएनआरएच या संप्रेरकाचा छोटा झोत सुटतो. त्यासरशी पिट्यूटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच रक्तात सोडते. एफएसएचमुळे अंडाशयातली काही फॉलिकल, म्हणजे बीज असलेल्या पिशव्या, वाढू लागतात आणि इस्ट्रोजेन तयार करतात. इस्ट्रोजेन वाढलं की पिट्यूटरी हात आखडता घेते. एफएसएच घटतं, बाकीची फॉलिकल सुकतात, बहुधा एकच तगतं.

इंजेक्शनातून एफएसएच मिळत राहिलं की ही काटकसर मोडते. मागे पडणारी फॉलिकलही वाढतात. आता सगळीच इस्ट्रोजेन बनवत असतात, आणि खरी अडचण इथेच येते. थोडं असताना पिट्यूटरीला आवरणारं इस्ट्रोजेन भरपूर वाढून दोनेक दिवस टिकलं, की तिला उलट चेतवतं. एलएचची लाट उसळते आणि साधारण दीड दिवसात बीजं फॉलिकलबाहेर पडतात. ही लाट अवेळी आली, तर एग पिकअपच्या वेळी हाती काहीच लागत नाही. म्हणून ते दुसरं इंजेक्शन, अँटागोनिस्ट. जीएनआरएचचा निरोप ते पिट्यूटरीपर्यंत पोचूच देत नाही.

फॉलिकल पुरेशी वाढली की अडवलेल्या लाटेचं काम ट्रिगर नावाच्या इंजेक्शनकडून करून घ्यायचं. बीजं ३४ ते ३६ तासांनी काढायची असतात, म्हणून ट्रिगरची वेळ चुकवून चालत नाही. बहुधा एचसीजी देतात. ते एलएचचंच काम करतं, पण शरीरात कितीतरी जास्त टिकतं. फॉलिकल खूप असतील तर हाच टिकाऊपणा घातक ठरू शकतो: रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून पोटात साठतं. अशा वेळी जीएनआरएचसारखंच काम करणाऱ्या अ‍ॅगोनिस्टचा ट्रिगर देऊन बाईच्या स्वतःच्या पिट्यूटरीकडूनच छोटी लाट आणता येते.

गर्भाशयाच्या अस्तराची गोष्ट वेगळी. गर्भ स्वीकारायला ते मोजकेच दिवस तयार असतं, आणि ट्रिगरच्या आधीच प्रोजेस्टेरॉन वाढलं तर ते दिवस गर्भ तयार होण्याआधीच निघून जातात. मग डॉक्टर म्हणतात, "गर्भ गोठवू, नंतर ठेवू." ऐकून अनेकींचा धीर सुटतो. पण हे अपयश नव्हे. बीजांसाठी एक चक्र आणि अस्तरासाठी दुसरं, एवढाच त्याचा अर्थ.

कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी नेमकं हेच केलं होतं: संप्रेरकं देऊन बीजं वाढवली, गर्भ गोठवला आणि नंतरच्या चक्रात ठेवला. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्मली. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला, आणि १९८१मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. १९८६मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून जन्मलेलं बाळ देशातलं पहिलं मानलं गेलं. पुढे मुखोपाध्यायांची टिपणं वाचून आनंद कुमारांनीच १९९७मध्ये जाहीरपणे लिहिलं, की पहिलेपणाचा मान कोलकात्याचा आहे.