जुनी गाडी, जाणता हात (लेखांक ६) : एमजीबीच्या खालून येणारे आवाज

गेल्या आठवड्यापर्यंत आपण एमजीबीच्या बॉनेटखाली होतो. आता गाडी उचलून तिच्या खाली जायचे आहे. इंजिन छान चालते, ब्रेक लागतात, तरी खड्ड्यावरून गेले की पुढून ‘ठक्’, निघताना ‘कट्’, ॲक्सिलरेटर सोडला की मागून ‘धप्’ अशी तक्रार या गाडीच्या बहुतेक मालकांची कधी ना कधी असतेच. मग ‘पुढे डावीकडे काहीतरी वाजतंय’ असे सांगून गाडी गॅरेजात जाते आणि डावीकडचे बुश बदलले जातात. आवाज तसाच राहतो. त्यानंतर उजवे बुश, मग शॉकॲब्सॉर्बर, मग टाय रॉड एंड. सुटे भाग नवे होत जातात आणि ठक्ठक् चालूच राहते. ही उधळपट्टी टाळता येते. त्यासाठी आवाज कुठून येतो हे शोधण्याआधी तो नेमका कधी येतो, हे कागदावर लिहून काढायला हवे.

याचे कारण गाडीच्या बांधणीत आहे. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांहून अधिक. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती. एमजीबीत बॉडी हीच चासी. पत्र्याच्या अशा एकसंध सांगाड्यातून ठोका फार लांब जातो आणि भलत्याच ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो. मागच्या पाट्याचा आवाज दाराच्या खांबातून ऐकू येतो, स्टिअरिंग रॅकचा डॅशबोर्डमागून. जागेच्या बाबतीत कानावर भरवसा ठेवू नये. वेळेच्या बाबतीत मात्र कान चुकत नाही.

म्हणून गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन आपण शेजारी बसावे आणि एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, एका वेळी एकच गोष्ट बदलत जावे. तोच गतिरोधक आधी गिअरमध्ये ओलांडायचा, मग न्यूट्रलमध्ये, मग ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवून. न्यूट्रलमध्ये आवाज गेला तर गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जो जोर पोहोचतो, त्या वाटेवर कुठेतरी ढिलाई आहे. हलक्या ब्रेकने आवाज गेला तर कॅलिपरमधले ब्रेक पॅड सैल बसून खडखडत असण्याची शक्यता मोठी, आणि सस्पेन्शनला हातही लावायची गरज नाही. रस्ता सरळ असताना आवाज नाही पण वळणावर आहे, तर चाकांवरचे वजन एका बाजूला सरकते तेव्हा काय हलते ते पाहायचे. जागेवर उभ्या गाडीत नुसते स्टिअरिंग फिरवून आवाज येत असेल तर पाट्यांचा विचारच सोडून द्यावा. एवढ्या चार-पाच चाचण्यांत संशयितांची यादी निम्म्यावर येते.

त्याआधी गाडी रिकामी करायची हे सांगायला हवे. जॅक, हत्यारे, सुटे चाक, सगळे बाहेर. १९७४ पर्यंतच्या एमजीबीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत आणि त्या सीटच्या मागे, मागच्या ॲक्सलच्या जरा पुढे, खालच्या पेट्यांत बसत. त्यांचा क्लॅम्प सैल झाला की खड्ड्यावर येणारा ‘धप्’ हुबेहूब पाट्याच्या बुशसारखा असतो. सायलेन्सरचा पाइपही या गाडीत जमिनीच्या फार जवळून जातो आणि एखादे रबर तुटले की बॉडीला धडकतो. हाताने पाइप हलवून पाहायला अर्धा मिनिट लागतो. ते न करता पाट्यांचे बुश मागवलेले लोक कमी नाहीत.

आता पुढची बाजू. इथे थोडे थांबायला हवे, कारण हा आराखडा आजच्या गाड्यांपेक्षा पार वेगळा आहे. मिनीचा जनक म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या ॲलेक इसिगोनिसने युद्धापूर्वी मॉरिससाठी त्याची आखणी केली, आणि तो १९४७ च्या एमजी वाय टाइपमधून टीडी, टीएफ, एमजीए असा प्रवास करत एमजीबीत आला. खाली विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, वर मात्र वेगळा आर्म नाही : लिव्हर शॉकॲब्सॉर्बरचा हात हाच वरचा आर्म. चाक वळते ते उभ्या किंगपिनवर. बॉल जॉइंट नाहीत. किंगपिनचे खालचे टोक एका आडव्या पिनवर बसते, आणि हे सगळे ग्रीसवर जगते.

एका बाजूला ग्रीसचे तीन निपल आहेत. कंपनीच्या पुस्तकात दर ३,००० मैलांना, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरना, तिथे ग्रीस भरायला सांगितले आहे. आजचे मालक वर्षाला तेवढी गाडी चालवत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षे ग्रीस गन हातात घेत नाहीत. ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीवर हात बसलेल्या आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांना निपल दिसला की गन लावायची सवय होती. (ॲम्बॅसिडरचे १,४८९ सीसीचे इंजिन एमजीबीच्या १,७९८ सीसी इंजिनाच्याच बी-सिरीज घराण्यातले, हेही या निमित्ताने सांगतो.) ही सवय एमजीबीला वाचवते. पण एक गोष्ट नीट समजून घ्यावी. गाडी चाकांवर उभी असताना ग्रीस भरले तर जिथे वजन दाबून बसले आहे तिथे ते शिरत नाही, मोकळ्या बाजूने बाहेर येते, आणि आपण समाधानाने फडक्याने पुसून टाकतो. पुढची बाजू उचलून चाके लोंबकळती ठेवावीत, गन चालवताना स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि जुने काळे ग्रीस जाऊन नवे दिसेपर्यंत थांबावे. एखाद्या निपलमधून ग्रीस जातच नसेल तर निपल बदलून आतले भोक साफ करावे. खालची आडवी पिन कोरडी राहिली की आधी गंजते, मग झिजते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाज न करता झिजते. आवाज सुरू होतो तेव्हा बरेच काही गेलेले असते.

किंगपिनची ढिलाई आणि चाकाच्या बेअरिंगची ढिलाई यांत गल्लत फार होते. दोन्हींची चाचणी सारखीच : चाक उचलून वर-खाली, घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलवायचे. चाक हलले, की आत बसलेल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगायचे. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा, तरीही हलले तर किंगपिन किंवा तिच्या खालच्या पिनचा. बेअरिंग निघाले तर नुसता नट आवळून मोकळे होऊ नये. एमजीबीच्या हबमध्ये दोन बेअरिंगांच्या मध्ये एक स्पेसर आणि शिम असतात, आणि शिम निवडून सुमारे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर एवढीच ढिलाई ठेवायची असते. ‘हे कशाला’ म्हणून स्पेसर फेकून दिलेल्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. तो स्पेसर स्टब ॲक्सलला ताठपणा देतो, तो काढणे म्हणजे जिवाशी खेळ.

शॉकॲब्सॉर्बरकडे आधी नुसते डोळ्यांनी पाहावे. तेलाचा ओघळ आहे का? क्रॉसमेंबरवर त्याला धरणारे चार बोल्ट घट्ट आहेत का? तो हात हाच वरचा आर्म असल्यामुळे शाफ्टचे बेअरिंग झिजले की ठक्ठक् तर होतेच, शिवाय चाकाचा कोनही बदलतो आणि टायर एका बाजूने खाल्ला जातो. हे तपासायला खालच्या विशबोनला जॅकचा भक्कम आधार देऊन जोड सोडावा आणि हात वरपासून खालपर्यंत हळू फिरवावा. पूर्ण फेरीत सारखा जड लागला तर ठीक. मध्येच एखादा पोकळ पट्टा लागला तर तेल कमी आहे किंवा व्हॉल्व्ह गेला आहे. या शॉकॲब्सॉर्बरची हेटाळणी करून टेलिस्कोपिक किट बसवणाऱ्यांशी माझे जमत नाही. पुढच्या बाजूच्या बहुतेक किटमध्ये जुन्या शॉकॲब्सॉर्बरचा सांगाडा आर्म म्हणून तसाच राहतो, आणि त्याचे बेअरिंग झिजलेले असेल तर आवाजही तसाच राहतो. चांगल्या हाताने दुरुस्त केलेला मूळ लिव्हर शॉकॲब्सॉर्बर या गाडीला शोभतो आणि पुरतो.

विशबोनच्या आतल्या टोकाचे रबर बुश बदलायचेच असतील तर एमजीबी जीटी व्ही-८ साठी बनलेले, धातूची नळी चिकटवलेले बुश घ्यावेत. टिकतात आणि चाल बिघडवत नाहीत. पॉलियुरेथेनचे कडक बुश मला या गाडीत आवडत नाहीत. कोरडे पडले की करकरतात, आणि मग आपण नव्या आवाजाच्या मागे लागतो. बुश कुठलेही असोत, शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उतरवून, दोन-चारदा दाबून, नेहमीच्या उंचीवर आल्यावरच करावे. चाके लोंबकळत असताना नट आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि लवकर फाटते. फक्त ब्रेक मारतानाच पुढून एक जड ‘धप्’ येत असेल तर आणखी एक जागा पाहावी : संपूर्ण क्रॉसमेंबर बॉडीला चार लांब बोल्टांनी लागलेला असतो, मध्ये रबराचे पॅड. पॅड चपटे झाले की बोल्ट सैल पडतात आणि ब्रेकच्या जोराने सगळा क्रॉसमेंबरच सरकतो.

तारांची चाके असलेल्या गाड्यांत निघताना एकदा आणि पहिला ब्रेक मारताना एकदा, असा स्वच्छ ‘कट्’ ऐकू आला तर सस्पेन्शन सोडून हबकडे जावे. चाक हबच्या दात्यांवर बसते आणि मधल्या नटाने आवळले जाते. नट सैल राहिला किंवा दाते झिजले की चाक हबवर किंचित फिरते. मदतनिसाने ब्रेक दाबून धरावा, आपण चाक मागे-पुढे फिरवून पाहावे : चाक हलते आणि हब स्थिर राहतो, हे डोळ्यांना दिसते. दात्यांची टोके चपटी असायला हवीत, सुरीसारखी धारदार झाली असतील तर हब आणि चाक दोन्ही बदलावीत. झिजलेल्या हबवर नवे चाक चढवले तर ते चाकही थोड्याच दिवसांत वाया जाते. हा आवाज लहान असला तरी गाडी त्या दिवसापासून उभी ठेवावी. चाकाच्या फेरीबरोबर टिकटिक वाढत असेल तर तारा तपासाव्यात. छोट्या पान्याने एकेक तार वाजवत जावे, ताणलेली तार खणखणीत वाजते, सैल तार बोदी.

स्टिअरिंगचे आवाज हाताला आधी जाणवतात. गाडी जमिनीवर, इंजिन बंद, मदतनीस स्टिअरिंग बोटभर इकडे-तिकडे हलवतो आणि आपण बॉनेट उघडून कॉलमच्या खालच्या क्रॉसवर हात ठेवतो. क्रॉस झिजला असेल किंवा त्याचा आवळबोल्ट सैल असेल तर ठोका थेट तळहाताला लागतो. नवा क्रॉस लवकरच पुन्हा गेला तर कॉलम आणि रॅक एका रेषेत नाहीत असे समजावे. त्यानंतर रॅकच्या टोकांचे रबरी गेटर चिमटून आतला बॉल जॉइंट हलतो का ते पाहावे, मग बाहेरचा टाय रॉड एंड. गेटर फाटला असेल तर आतले तेल गळून गेलेले असते आणि धूळ-पाणी आत शिरलेले असते, तेव्हा नुसता गेटर बदलून भागत नाही. दगडी फरसबंदीवर बारीक खडखड आणि हाताला चुरचुर, पण बाकी सगळे जोड घट्ट, असे असेल तर रॅकला पिनियनवर दाबणारा योक सैल आहे. तो शिम लावून नेमका करता येतो. जास्त घट्ट केला तर स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होत नाही.

मागची बाजू साधी आहे. पाटे आणि अखंड ॲक्सल. ॲक्सिलरेटर देताना-सोडताना येणारा ठोका तीन ठिकाणांहून येऊ शकतो. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला असेल तर आवाज कोरडा, धातूचा. चाके अडवून, हँडब्रेक सोडून, शाफ्ट हाताने पिळला की कळतो. डिफरन्शियलमधल्या गिअरांमागचे वॉशर झिजले तर आवाज जाड असतो. एमजीबीत हे इतके सर्रास आहे की गाडी व्यवस्थित चालत असेल तर मी त्यासाठी घाई करत नाही. तिसरी जागा मात्र तातडीची : पाट्याला ॲक्सल धरणारे यू-बोल्ट आणि त्यांमधले रबर पॅड. ते सैल पडले की ॲक्सल थोडा तिरका होतो आणि ॲक्सिलरेटर सोडताच गाडी स्वतःहून किंचित वळते. शॅकल आणि पुढच्या डोळ्याचे बुश पहारीने रेटून पाहावेत, शॉकॲब्सॉर्बरची जोडपट्टी हाताने हलवून.

राहिली करकर. वळताना किंवा उंचवट्यावर तिरके चढताना मंद करकर येते, सगळे बुश नवे, ग्रीस भरलेले, तरी ती जात नाही. तेव्हा पाट्याचे पुढचे टोक बॉडीला जिथे लागते तिथला पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावा. मग दोन्ही दारे नीट बंद होत असल्याची खात्री करून गाडी एका बाजूने उचलावी आणि दाराची फट पाहावी. फट वरच्या बाजूला मिटत आली किंवा दार अडकले, तर दाराखालचे सिल आतून गंजून गेले आहेत. छत नसलेल्या या गाडीचा सगळा ताठपणा त्या सिलमध्ये आहे. अशा वेळी बुश मागवणे थांबवून आधी चांगला वेल्डर शोधावा.

पुढील आठवड्यात : एमजीबीचे ब्रेक, आणि बरीच वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीतले जुने ब्रेक ऑइल.