पीयूषिका ग्रंथीची गाठ : वेळीच ओळख महत्त्वाची

मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका खळग्यात, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी वसलेली असते. तिचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. परंतु शरीराची वाढ, स्त्रियांची मासिक पाळी आणि थायरॉईडसारख्या अन्य ग्रंथींचे कार्य यांवर तिचे नियंत्रण असते. कवटीच्या आत होणाऱ्या गाठींपैकी सुमारे १० ते १५ टक्के गाठी या ग्रंथीच्या असतात. त्यांतील बहुतेक कर्करोगाच्या नसतात; मात्र निदानास विलंब झाल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो.

लक्षणे कोणती?

या ग्रंथीच्या लगेच वर दृष्टीच्या नसा परस्परांना छेदतात. गाठीचा दाब त्यांवर पडला म्हणजे समोरचे दिसते, पण दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते. रुग्ण चष्मे बदलीत राहतो आणि मूळ कारण दडून राहते. वाढीचे संप्रेरक जादा स्रवल्यास प्रौढ वयात बोटातील अंगठी घट्ट होते, वहाणेचे माप वाढते, जबडा पुढे येतो. प्रोलॅक्टिन वाढल्यास पाळी थांबते, तान्हे मूल नसताना दूध येते व गर्भधारणा होत नाही. अशा स्त्रीस वांझपणाचा बोल लावला जातो. वस्तुतः तो बरा होण्याजोगा आजार असतो.

उपचार

प्रोलॅक्टिनच्या गाठीस बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. आठवड्यातून एकदोनदा घ्यावयाच्या कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी ती आकसते. म्हणूनच शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी रक्तातील प्रोलॅक्टिन तपासणे अगत्याचे आहे. इतर बहुतेक गाठी नाकावाटे काढता येतात.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत

नांदेडला १९८८ पासून व लातूरला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा २ जुलै २०१२ रोजी प्रारंभ झाला, त्या पहिल्या ८ जिल्ह्यांत नांदेडचा समावेश होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणाऱ्या या योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियाही येतात.

खर्चाचा भार हलका झाला, तरी विलंब टाळण्याचे काम गावपातळीवरच व्हावयास हवे. किनवट, मुखेड, उदगीर वा निलंग्याच्या रुग्णालयातही रुग्णाचा एकेक डोळा झाकून, बाजूने बोटे हलवून दृष्टिक्षेत्र पाहता येते. त्यास कोणतेही उपकरण लागत नाही. शंका आल्यास रक्ततपासणी, एमआरआय व तज्ज्ञांचा सल्ला हा पुढचा क्रम होय. एकाएकी तीव्र डोकेदुखी, उलट्या व दृष्टी मंदावणे ही लक्षणे दिसल्यास रुग्णास तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे.

शस्त्रक्रियेनंतरही काही रुग्णांना संप्रेरकांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून त्या परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते. अशा रुग्णांची नोंद व नियमित विचारपूस गावानजीकच्या आरोग्य केंद्राने ठेवल्यास मोठ्या शहरात झालेला उपचार सार्थकी लागेल.