रुचिरा, लंपन आणि साष्टी

मुलुंड, पार्ले किंवा बोरिवलीच्या मराठी ग्रंथालयात शिरलं की कादंबऱ्या आणि चरित्रं आधी दिसतात. पाकशास्त्र बहुधा कोपऱ्यात असतं आणि मुलांची पुस्तकं सर्वांत खालच्या फळीवर. गेले काही महिने मी मुद्दाम तो कोपरा आणि ती खालची फळी वाचत होते, अधूनमधून वैचारिक-माहितीपर कपाटाकडेही जात होते. इतक्या वेगवेगळ्या पुस्तकांना एकच फुटपट्टी लावणं अवघड, तरी एक प्रश्न सगळ्यांना विचारता येतो: लिहिणाऱ्याने समोर कोण बसलंय असं धरलं आहे?

पाकशास्त्र: माप कोणाच्या घरचं?

छापील मराठी पाकशास्त्राची सुरुवात रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ सालच्या ‘सूपशास्त्रा’पासून धरतात. पुढे १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ आलं. बाई पाठारे प्रभू, त्यामुळे मासळी-मटणाचं त्यांना वावडं नाही. आज त्यातून रांधायचं तर आधी शेर-तोळ्यांचं गणित सोडवावं लागतं, आणि पदार्थ भरल्या घराच्या बेताने सांगितलेले. माझ्या मते हे ओट्यापेक्षा आरामखुर्चीत वाचायचं पुस्तक आहे. एका सुखवस्तू मुंबईकर घरात शंभर वर्षांपूर्वी काय शिजत होतं, हे त्यातून फार छान कळतं.

कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. तिचं मोठेपण पदार्थांच्या संख्येत नाही, वाटी-चमच्याच्या मापात आहे. त्या सुमारास गिरगाव-दादरच्या चाळींतली बिऱ्हाडं उपनगरांतल्या ब्लॉकांत जात होती. सासू गिरगावात आणि सून बोरिवलीत, घरी टेलिफोन नाही, आणि चार-आठ दिवसांत पाहुणे यायचे आहेत. अनारशाचे तांदूळ किती दिवस भिजवायचे हे विचारायचं कोणाला? कमलाबाईंनी लिहिताना ही एकटी सून डोळ्यांपुढे धरली होती, असं मला प्रत्येक पानावर वाटतं. म्हणूनच तराजू नाही, वाटी. लग्नात ‘रुचिरा’ आहेर म्हणून देण्याची रीत पडली ती उगाच नाही.

तिच्यावर आक्षेप घ्यायचा तर एकच घेईन. सणवार, नैवेद्य, डावी-उजवी बाजू हे सगळं पांढरपेशा मध्यमवर्गीय घर गृहीत धरून येतं. ते घर ज्याचं नाही, त्याने काय करायचं हा प्रश्न तिथे उठतच नाही.

सई कोरान्ने-खांडेकर यांचं ‘पंगत’ २०१९ चं, इंग्रजीतलं. निरनिराळ्या जातींच्या आणि प्रांतांच्या मराठी स्वयंपाकघरांत ते हिंडून येतं. ‘रुचिरा’वर शिकलेल्या सुनांच्या ज्या नाती आता इंग्रजीत वाचतात, त्या याच्या वाचक. मला त्यातल्या कृतींइतकीच भोवतालची माहिती आवडली. मात्र आजीला दाखवायला मराठी प्रत नाही म्हणून थोडी चिडचिडही झाली.

तेल-तुपाविना

या सगळ्यांत मला सर्वांत अस्वस्थ करणारं पुस्तक शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५). मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांतलं खाणं हा त्याचा विषय. वाळवलेल्या मांसाच्या चान्या आहेत, रक्ती आहे, आणि तेल-तूप-दूध जवळजवळ नसलेला स्वयंपाक आहे. कृती दिलेल्या आहेत, पण पुस्तक कृतींसाठी लिहिलेलं नाही. काय खातो यावरून माणसाची पायरी कशी ठरवली गेली, ते पाटोळे सांगतात. नावातच ‘पूर्णब्रह्म’ म्हणून हात जोडणाऱ्यांना त्यांनी टोला हाणला आहे. ‘रुचिरा’शेजारी हे ठेवून वाचलं की ‘महाराष्ट्रीय जेवण’ म्हणून हॉटेलांच्या पाटीवर जे लिहिलेलं असतं, ते किती थोड्या घरांचं आहे ते दिसतं.

भूषण कोरगांवकर यांनी याचा इंग्रजी अनुवाद केला, तो २०२४ मध्ये आला आणि मग इंग्रजी वर्तमानपत्रांत बोलबाला झाला. आपल्याकडे मूळ मराठी पुस्तक नऊ वर्षं पडून होतं, हे जरा बोचतं.

कपाटात एक जागा मात्र मोकळी आहे. मरोळ, कुर्ला, गोराईतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतात. त्यांचा बॉटल मसाला आणि फुगे उपनगराच्या मातीतले. पण ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ने काढलेलं त्यांचं पाकपुस्तक इंग्रजीत आहे. मराठीत कोणी करेल तर पहिली प्रत मी घेईन.

तेरा ते अठरा

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात या वयासाठी अख्खी भिंत असते. मराठीत ‘बालसाहित्य’ संपलं की एकदम मोठ्यांचं साहित्य. मधली मुलं इंग्रजीकडे वळतात त्याचं खापर इंग्रजी शाळांवर फोडणं सोपं आहे, पण फळी रिकामी ठेवली आपणच.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही पळतो. फुरसुंगीचा बनेश, पुण्याची विद्याभवन शाळा, सायकल आणि ते ‘टॉक्’. आजच्या आठवीतल्या मुलाला वेग पुरतो, मोबाइल नसलेलं जग मात्र थोडं समजावून द्यावं लागतं. मुलींच्या वाट्याला त्यात फार कमी येतं, हे आता खटकतं. २०१७ च्या सिनेमाने फेणेला मोठा करून टाकला, त्यामुळे सिनेमा पाहून पुस्तकाकडे आलेली मुलं जरा गोंधळतात.

मला वाटतं, या वयाची मराठीतली सर्वोत्तम पुस्तकं मुळात या वयासाठी लिहिलेलीच नाहीत. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’ (१९९४) मधला लंपन आई-वडिलांपासून दूर, बेळगावकडच्या गावात आजी-आजोबांपाशी राहतो. त्याची मराठी कानडी हेल घेऊन येते आणि मुंबईच्या मुलाला पहिली दहा पानं जड जातात. तेवढी मोठ्याने वाचून दाखवावीत. पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ तो स्वतःच मागतो.

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ (२००४) नववीतल्या मुकुंद जोशीची, आणीबाणीच्या काळातली. पालक ती ‘अजून लहान आहेस’ म्हणून काढून घेतात आणि मुलं ती दप्तरात घालून नेतात. दोघांचंही बरोबर आहे. वर्गातल्या मुलीकडे बघण्याचं असं खरं वर्णन दुसरीकडे मिळत नाही, आणि बाहेर देशात काय चाललंय ते मुकुंदाला अर्धंमुर्धंच कळतं, हीच त्यातली गंमत. राम पटवर्धनांनी अनुवादलेलं ‘पाडस’ (१९६७) मी यांच्याच रांगेत ठेवीन. कॉलेजात गेलेल्यांसाठी प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ आहे. तिला २०२१ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. नायकाचं आत्ममग्न होणं मला मध्ये मध्ये लांबलेलं वाटलं, पण वीस वर्षांच्या वाचकाला ते लांबलेलं वाटणार नाही.

माहितीपर पुस्तकांत उपनगर कुठे?

मुंबईवर मराठीत पुष्कळ आहे. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ तर १८६३ चं. पण हे बहुतेक लेखन माहीम-शीवच्या अलीकडचं. अंधेरी-घाटकोपर महापालिकेत आलं १९५० मध्ये, बोरिवली-मुलुंड १९५७ मध्ये. लेखकांना मात्र ती अजून ‘पलीकडची’ वाटत असावीत.

म्हणून वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये संपादित केलेली ‘महिकावतीची बखर’ जरूर चाळावी. साष्टीच्या, म्हणजे आजची उपनगरं ज्या बेटावर आहेत त्याच्या, जुन्या वस्तीची, राजवटींची आणि वतनांची ही कथा. मालाड, मरोळ ही रेल्वेच्या पाट्यांवरची आणि बसवरची नावं तिथे भेटतात तेव्हा मजा येते. भाषा कठीण आहे, राजवाड्यांची प्रस्तावना त्याहून लांब आणि मतांनी भरलेली. मतं तावून-सुलाखून घ्यावीत, पण प्रस्तावना सोडू नये.

आत्मकथनांत ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) पुन्हा वाचलं. बांबूच्या टोपल्या विणणारी आई, कोकणातलं गाव आणि नंतरची मुंबई. ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’नंतर लगेच वाचलं तर भुकेबद्दलची पानं निराळीच लागतात. आणि वर ज्यांचा उल्लेख आला त्या कोरगांवकरांचं ‘संगीत बारी’ लावणी कलावंतांच्या जगाबद्दल आहे. कीव न करता आणि नटवून न मांडता लिहिलेलं, म्हणून मला आवडलं.

मिळवायची कुठून

पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाचं (स्थापना १९२३) आणि मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाचं, अशी दोन्ही ग्रंथालयं स्टेशनपासून फार लांब नाहीत. जुनी पाकशास्त्रं आणि बखर यांच्यासाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) बरं. किशोरवयीन मुलांसाठी पैसे न खर्चता सुरुवात करायची असेल तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. दिवाळी अंकांपासून सुरुवात करावी, कारण त्यांत गोष्टी जास्त असतात.