डोमेन नाव : पेटंट कशाला, हक्क कशाचा?

• डोमेन नावाला पेटंट नसते. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवायचे, वेळेवर नूतनीकरण करायचे. पेटंट शोधाला, अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे.

• मालकाचे नाव-पत्ता झाकून मध्यस्थाच्या नावे डोमेन नोंदवण्याच्या पद्धतीवर अमेरिकेत गोडॅडी या डोमेन नोंदणी कंपनीला 2006 मध्ये पेटंट मिळाले. भारतात पेटंट कायदा 1970, कलम 3(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्राम आणि व्यवसायपद्धती पेटंटबाह्य. छत्रपती संभाजीनगरचे अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाच्या कक्षेत.

• डॉट इन : कारभार निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) या संस्थेकडे. नाव झाकण्याची सेवा इथे चालत नाही.

• पैठणी विक्रेत्याच्या दुकानाचे नाव दुसऱ्याने आधीच डोमेन म्हणून घेतले, तर आधार ट्रेडमार्कचा. सत्यम इन्फोवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये डोमेनला ट्रेडमार्कसारखे संरक्षण मान्य केले.

• देवनागरी डॉट भारत : 2014 पासून, मराठीतही.