पीठ, पणती आणि केरसुणी

एक बाई तीन मापे पीठ घेते, त्यात आदल्या दिवशीच्या आंबलेल्या कणकेचा गोळा मळते आणि काही वेळाने सगळे पीठ फुगून येते. मत्तय आणि लूक या दोघांच्याही शुभवर्तमानांत आलेला येशूचा हा दाखला जेमतेम एका वाक्याचा आहे. ऐकायला अगदी साधा. पण रोज स्वयंपाक करणारा माणूस त्यातल्या मापापाशी अडखळेल. इथले एक माप साधारण १३ लिटरचे. तीन मापे म्हणजे जवळपास ४० लिटर पीठ, शंभरावर माणसांची पंगत उठेल इतके. गालीलातल्या कुठल्याशा लहान घरातली ही बाई दोन वेळच्या जेवणापुरते मळत नाही, ती अख्ख्या गावाला पुरेल इतके मळते आहे. देवाचे राज्य असे असते, असे येशू म्हणतो.

ऐकणाऱ्या यहुदी श्रोत्यांना यात आणखी दोन गोष्टी जाणवल्या असणार. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाच्या दारी तीन अनोळखी पाहुणे येतात, तेव्हा सारा घाईघाईने तीन मापेच पीठ मळते. आणि दुसरे म्हणजे खमीर. वल्हांडणाच्या सणाला घरातले सगळे खमीर शोधून बाहेर काढायचे असते. बिघाड पसरतो कसा, हे सांगायलाही खमिराचेच नाव घेतले जाई. जे घराबाहेर टाकायचे, तेच येशूने देवाच्या कामाची खूण म्हणून उचलले.

प्रवचनात गोडवा यावा म्हणून घरगुती उदाहरणे द्यायची, हा सगळ्याच उपदेशकांचा रिवाज आहे. येशूची तऱ्हा त्याहून वेगळी होती. घरकामाकडे बोट दाखवून तो नुसते ‘असे समजा’ म्हणत नाही. देव काय करतो हे सांगायला तो पीठ मळणारी, घर झाडणारी बाई उभी करतो. म्हणून ख्रिस्ती श्रद्धेचे धडे घरात शोधायला वेगळी खटपट करावी लागत नाही. ते मुळातच तिथे दिलेले आहेत. अवघड भाग पुढचा आहे. श्रद्धेचा कस मग घरातच लागतो.

कफर्णहूमची घरे

हे दाखले ज्या घरांत ऐकले गेले, ती कशी होती याची बरीच कल्पना आज येते. गालील सरोवराकाठच्या कफर्णहूमला १९६८पासून फ्रान्सिस्कन संशोधकांनी मोठे उत्खनन केले. काळ्या बसाल्ट दगडाच्या भिंती, लहान खिडक्या, मधल्या मोकळ्या अंगणाभोवती खोल्या आणि त्या अंगणात दोन-तीन कुटुंबांचा मिळून वावर, अशी ती वस्ती. छप्पर लाकडी वाशांवर फांद्या अंथरून वर माती थापलेले. सोलापूर-नगरकडच्या वाचकाला आपले धाब्याचे घर डोळ्यांपुढे आणले की पुरे. मार्कच्या शुभवर्तमानात चौघे जण पक्षाघात झालेल्या माणसाला खाटेसकट छप्पर उसकटून खाली सोडतात, ते अशाच घरात शक्य होते. यातल्या एका घराच्या भिंतींना पहिल्या शतकाच्या अखेरीस गिलावा केलेला आढळतो आणि पाचव्या शतकात त्याच जागेवर अष्टकोनी चर्च उभे राहिलेले दिसते. परंपरा सांगते, ते येशूचा शिष्य पेत्र याचे घर.

अशा घरात भरदुपारीही अंधार असे. जमीन ओबडधोबड दगडांची. हे ध्यानात घेऊन लूकच्या पंधराव्या अध्यायातला दाखला वाचावा. एका बाईकडे दहा नाणी आहेत, त्यातले एक हरवते. नाणे चांदीचे, साधारण एका दिवसाच्या मजुरीइतके. ती दिवा लावते, घर झाडते आणि नाणे सापडेपर्यंत शोधत राहते. तळहाताएवढी मातीची पणती, त्यात जैतुनाचे तेल आणि तागाची वात. तेवढ्या उजेडात दगडांच्या फटी चाचपायच्या. नाणे सापडल्यावर ती शेजारणींना बोलावून आनंद करते.

याच अध्यायात हरवलेल्या मेंढरामागे जाणारा मेंढपाळ आहे, उधळ्या मुलाची वाट पाहणारा बाप आहे. या दोघांची चित्रे चर्चच्या काचांवर जागोजागी दिसतात. केरसुणी घेतलेली बाई मात्र क्वचित दिसते. वास्तविक तिन्ही दाखले देवाविषयीच आहेत आणि मधल्यात देवाच्या जागी ही बाई आहे. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहणाऱ्या महाराष्ट्राला तिची ओळख पटायला वेळ लागू नये.

या दाखल्यातला धडा चिकाटीचा आहे, तसाच मोजदादीचाही आहे. नऊ नाणी हातात असताना एकासाठी घर उलथेपालथे करायचे, कारण दहा ही पूर्ण संख्या आहे. घरातल्या ज्या माणसाचे नाव हल्ली जेवणाच्या वेळी निघत नाही, त्याच्याविषयी हा दाखला काही विचारतो.

अर्ध्या रात्री दार वाजते

लूकच्याच अकराव्या अध्यायात एक माणूस मध्यरात्री शेजाऱ्याचे दार ठोठावतो. घरी पाहुणा आलाय, तीन भाकरी उसन्या हव्यात. आतून उत्तर येते, दार लावून घेतलेय, मुले माझ्याजवळ झोपलीत, आता उठवत नाही. एका खोलीत सगळे ओळीने झोपतात तिथे एकाने उठायचे म्हणजे सगळ्यांची झोप मोडायची. तरी शेवटी तो उठतो. प्रार्थनेत आग्रह धरावा, हे शिकवताना येशूने इतकी अवघडलेली घरगुती वेळ निवडली. पुढे लगेच तो बापांना विचारतो, मुलाने अंडे मागितले तर विंचू द्याल का? प्रार्थनेचे शास्त्र एवढ्यात आटोपते. मागणे म्हणजे काय आणि देणे म्हणजे काय, हे घरातल्या माणसाला आधीच ठाऊक असते, हे त्यातले गृहीत आहे.

बेथानीच्या मार्थेची गोष्ट मात्र घरकामाविरुद्ध वापरली गेली. येशू घरी आला असता तिची बहीण मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते आणि मार्था एकटीच राबते. तिने तक्रार केल्यावर येशू मरीयेची बाजू घेतो. त्यावरून स्वयंपाक खालचा आणि ध्यान वरचे, असा अर्थ शतकानुशतके काढला गेला. पण योहानाचे शुभवर्तमान पुढे वाचले तर भाऊ लाजर याच्या मृत्यूनंतर येशू हाच ख्रिस्त असल्याची ठाम कबुली मार्थाच देते. आणि नंतरच्या जेवणातही वाढायला तीच आहे. येशूने तिच्या हातातली पळी काढून घेतली नव्हती. मरीयेला पुरुषांप्रमाणे गुरूच्या पायाशी बसण्याचा हक्क आहे, एवढेच त्याने बजावले होते.

सोवळ्याची चूल

आपल्याकडे ख्रिस्ती श्रद्धेचा कस स्वयंपाकघरात कसा लागला, याचा मराठीतला सर्वांत प्रांजळ वृत्तांत लक्ष्मीबाई टिळकांनी लिहून ठेवला आहे. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या मुलीचे बालपण वडिलांच्या कडकडीत सोवळ्यात गेले. १८५७च्या धामधुमीत घरातल्या जवळच्या माणसाला फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना विटाळाचे वेडच लागले. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे.

१८९५ साली पती नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्यासोबत राहू लागल्या, तरी त्यांनी आपला स्वयंपाक आणि सोवळे काही काळ वेगळेच ठेवले. नवऱ्याचा धर्म बदलला होता, चूल बदललेली नव्हती. पुढे विचार करता करता त्यांनाच पटले की देवाने माणूस निर्माण केला आणि जाती माणसांनी केल्या. मग त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, म्हणजे त्यानंतर. पाण्याच्या भांड्यापाशी निर्णय आधी झाला आणि विधी मागाहून आला.

मार्कच्या सातव्या अध्यायात हाच वाद आहे. न धुतलेल्या हातांनी जेवणाऱ्या शिष्यांवर टीका होते, तेव्हा येशू म्हणतो की बाहेरून आत जाणारे माणसाला विटाळवत नाही, अंतःकरणातून बाहेर पडणारे विटाळवते. तो स्वतः यहुदी होता, म्हणजे हा घरातलाच वाद. लक्ष्मीबाईंनीही तो परक्या धर्माविरुद्ध मांडला नाही. आपल्याच माजघराशी त्या भांडल्या, तेही भरपूर हसत. पुढे त्यांच्या घरी अनाथ, आजारी, निराधार मुलांची रीघ लागली. श्रद्धा म्हणजे काय, याचे त्यांचे उत्तर बहुधा ताटांच्या संख्येत असे.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी हेच मोठ्या प्रमाणावर केले. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींनी त्यांचा मुक्तिसदन हा आश्रम भरून गेला. दळणकांडण, शेती, विणकाम, गुरे आणि छापखाना ही तिथली शाळाच होती. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेले बायबल याच छापखान्यात तिथल्या बायकांच्या हातांनी छापले गेले. काम पुरे करून रमाबाई १९२२ साली वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

जात्यापासून ओरातोरपर्यंत

दोघी जणी जात्यावर दळत असतील, एक घेतली जाईल आणि एक ठेवली जाईल, असे येशू शेवटच्या दिवसाविषयी म्हणतो. दळणाऱ्या बायकांची ओवी मराठीत ज्ञानेश्वरांनी ग्रंथाला दिली आणि फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने तिच्यातच ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १५७९ साली गोव्यात आलेल्या स्टीफन्सचा हा जवळपास ११,००० ओव्यांचा ग्रंथ १६१६ साली राशोलला छापला गेला. ख्रिस्ताची कथा लॅटिन श्लोकांऐवजी ओवीतून आली म्हणून ती अक्षर न येणाऱ्याच्याही तोंडी बसली.

गोव्याच्या ख्रिस्ती घरात आजही ओरातोर, म्हणजे घरातले देवघर, दर्शनी खोलीत असते. संध्याकाळची घंटा झाली की प्रार्थना, मग तेर्स म्हणजे जपमाळ, आणि त्यानंतर धाकट्यांनी थोरांपुढे हात जोडून ‘बेसांव’ मागायचे, म्हणजे आशीर्वाद. ऑगस्टमध्ये गावोगावच्या ‘कोणसांच्या फेस्ता’ला भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादून घरोघर नेतात. पोर्तुगीज आले तेव्हा इथे पावाला खमीर नव्हते. माडाच्या सुरेवर पीठ आंबवायची रीत पडली. वसई-मुंबईच्या ख्रिस्ती घरांत लग्नाला आणि नाताळला होणाऱ्या फुग्याही आंबवलेल्या पिठाच्याच. खमिराचा दाखला समजावून सांगायला तिथे वेगळे शिक्षक लागले नाहीत.

नगर-सोलापूरच्या प्रॉटेस्टंट घरांत देवघर नसते. तिथे संध्याकाळची कौटुंबिक उपासना असते. बायबलचा एक उतारा, ‘उपासना संगीता’तले एखादे पद आणि प्रत्येकाच्या नावाने प्रार्थना. कोणाची परीक्षा, कोणाचे दुखणे, कोणाची नोकरी, सगळे देवापुढे मोठ्याने सांगितले जाते. त्यामुळे घरात कोणाचे काय चालले आहे हे घरालाही कळते.

ही घराची महती नवी नाही. पहिली दोन-अडीच शतके ख्रिस्ती मंडळी घरांतच जमत होती. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल तंबू शिवणाऱ्या प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याला आणि ‘त्यांच्या घरातल्या मंडळीला’ सलाम सांगतो. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला घरातली मंडळीच म्हटले आणि आईबापांना विश्वासाचे पहिले उपदेशक.

घमेले कोणाच्या हाती

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने अंगरखा काढला, कमरेला टॉवेल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. घरातल्या गुलामाचे हे काम. पेत्राला ते सहन होईना. पण येशूने धुतले, आणि तुम्हीही एकमेकांचे धुवा म्हणून सांगितले. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र गुरुवारी धर्मगुरू हे करून दाखवतात. या विधीत शतकानुशतके पुरुषांचेच पाय धुतले जात. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलून स्त्रियांनाही त्यात घेतले.

चर्चमधला नियम बदलला, घरातला बदलायचा आहे. पीठ मळणारी, झाडणारी बाई येशूने देवाच्या जागी ठेवली याचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या ख्रिस्ती घरांतही ती कामे आजतागायत बाईच्याच वाट्याला आहेत. उपासनेत वडील बायबल वाचतात, त्या वेळी आई कुकरकडे कान देऊन असते. घरकाम पवित्र आहे, असे म्हणत ते एकाच माणसावर टाकणे सोपे असते. पण कमरेला टॉवेल बांधणारा त्या घरातला गुरू होता, सर्वांत मोठा होता. घमेले उचलायची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

दिवाळी संपली की महिन्याभरात नाताळच्या करंज्या-शंकरपाळ्यांच्या याद्या होऊ लागतील. यंदा त्या यादीत प्रत्येक जिनसासमोर करणाऱ्याचे नावही लिहावे, आणि पहिले नाव घरातल्या कर्त्या पुरुषाचे असावे.