भिंतींचे कान आणि माणसांचे कान

भिंतींनाहि कान असतात, ही म्हण आपल्या तोंडीं सहज येते. परंतु एका संपूर्ण राष्ट्रास तिचा अनुभव चाळीस वर्षें अक्षरशः घ्यावा लागला. ७ ऑक्टोबर १९४९ रोजीं स्थापन झालेलें व ३ ऑक्टोबर १९९० रोजीं एकीकृत जर्मनींत विलीन झालेलें पूर्व जर्मनीचें साम्यवादी राज्य हें तें राष्ट्र होय. तेथील राज्यसुरक्षा-खात्याचे, म्हणजे ‘श्टाझी’चे, १९८९ सालीं सुमारें ९१ हजार पगारी नोकर होते, शिवाय दीड लाखांहून अधिक गुप्त खबरे होते ते निराळेच. या खात्यानें मागें ठेवलेलीं दप्तरें एका ओळींत मांडल्यास त्यांची लांबी १११ किलोमीटर भरते.

इतकें लिहून ठेवणाऱ्या राज्याचा इतिहास लिहिणें सोपें, असें कोणासहि वाटेल. आम्हांस मात्र तसें वाटत नाहीं. दप्तरांत माणूस दिसतो तो संशयाच्या दृष्टीनें. त्यानें स्वतः आपल्या आयुष्याचा काय अर्थ लावला, हें तेथें सांपडत नाहीं. तें त्याच्याच मुखानें ऐकावें लागतें.

असें ऐकण्याचे प्रयत्न ते राज्य उभें असतांनाच झाले, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. व्हिएन्ना येथें जन्मलेल्या व पूर्व जर्मनींत स्थायिक झालेल्या लेखिका माक्सी वांडर यांनीं निरनिराळ्या वयाच्या व व्यवसायांच्या स्त्रियांचीं निवेदनें ध्वनिमुद्रित करून १९७७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. संसार, नोकरी, मुलें, एकटेपणा यांविषयीं त्या स्त्रिया ज्या मोकळेपणानें बोलल्या, तो मोकळेपणा सरकारी वर्तमानपत्रांत कधींच दिसत नसे. पुस्तक अतोनात लोकप्रिय झालें. वांडरबाई मात्र त्याच वर्षीं निवर्तल्या.

पुढें १९८७ सालीं लुट्झ नीटहामर, अलेक्झांडर फॉन प्लाटो व डोरोथे वीर्लिंग हे पश्चिम जर्मनींतील तीन इतिहाससंशोधक पूर्व जर्मन सरकारची परवानगी मिळवून तेथील औद्योगिक शहरांत गेले. कार्ल-मार्क्स-श्टाट, म्हणजे आजचें केम्निट्स, तसेंच बिटरफेल्ड व आयझेनह्युटनश्टाट येथें त्यांनीं सुमारें दीडशें स्त्रीपुरुषांच्या मुलाखती घेतल्या. पद्धत साधी होती. सांगणाऱ्यास आपली जन्मापासूनची हकीकत मनाप्रमाणें सांगूं द्यावी, मध्यें तोडूं नये, आणि प्रश्न विचारावयाचे ते मागाहून.

या मुलाखतींतून निव्वळ रडगाणेंहि निघालें नाहीं आणि निव्वळ घोषणाहि निघाल्या नाहींत. १९५० नंतरच्या दशकांत तरुण असलेलीं, मजुरांच्या घरीं जन्मलेलीं माणसें आपणांस शिक्षण कसें मिळालें, कारखान्यांत अधिकाराची जागा कशी लाभली, हें अभिमानानें सांगत. पण बोलतां बोलतां चारचौघांत न उच्चारल्या जाणाऱ्या गोष्टीहि बाहेर येत. महायुद्धानंतर पूर्वेकडील प्रदेशांतून हांकलले गेलेले सुमारें चाळीस लाख लोक या राज्यांत येऊन राहिले होते. सरकारनें त्यांस ‘स्थलांतरित’ असें सौम्य नांव देऊन त्यांचें दुःखच दृष्टीआड केलें होतें. सोव्हिएत सैनिकांनीं स्त्रियांवर केलेले अत्याचार, हिटलरच्या अमदानींत गेलेलें बालपण, हींहि अशींच कुलुपबंद राहिलीं होतीं.

या संशोधनाचा ग्रंथ १९९१ सालीं निघाला, तेव्हां तें राज्यच उरलें नव्हतें. परंतु त्याचें मोल त्यामुळेंच वाढलें, असें आम्हांस वाटतें. ९ नोव्हेंबर १९८९ रोजीं बर्लिनची भिंत उघडली जाईल, हें १९८७ सालीं बोलणाऱ्यांच्या स्वप्नींहि नव्हतें. शेवट ठाऊक झाला कीं माणूस कथेचा आरंभहि निराळा सांगूं लागतो. या लोकांनीं मात्र आपली कथा शेवट ठाऊक नसतांना सांगितली.

जानेवारी १९९२ पासून नागरिकांस स्वतःचीं दप्तरें पाहण्याची मुभा मिळाली, आणि कित्येक घरांवर वज्राघात झाला. शांतता-चळवळींतील कार्यकर्त्या वेरा वोलेनबेर्गेर यांच्याविषयीं ‘डोनाल्ड’ या टोपणनांवानें बातम्या पुरविणारा खबऱ्या त्यांचा पतीच निघाला. खबऱ्या कोण, हें दप्तरानें सांगितलें. त्या संसारांतलें खरें किती आणि खोटें किती, याचा निवाडा मात्र कोणतेंहि दप्तर करूं शकत नाहीं.

माणसाची आठवणहि निर्दोष नसते. ती विसरते, सजविते, लपविते. म्हणून लेख व वाणी या दोन साक्षी एकमेकींशीं ताडून पाहणें हाच इतिहासाचा राजमार्ग होय. पण लेख थांबूं शकतो, वाणी थांबत नाहीं. १९५० सालचे ते तरुण आज नव्वदीच्या घरांत आहेत. भिंतींच्या कानांनीं जें ऐकलें तें कपाटांत सुरक्षित आहे. माणसांच्या कानांनीं ऐकावयाचें उरलें आहे, त्याची मुदत मात्र दिवसेंदिवस सरत आहे. वडील माणसें ज्या घरांत आहेत, त्या घरास हें निराळें सांगावयास नको.